डेक बांधताय? आधी भिंतीलगत बघा

शिकागोच्या उपनगरात आम्ही घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणातला डेक नुकताच रंगवून चकाचक केलेला होता. पुढे तो मोठा करायला काढला आणि सुताराने भिंतीलगतच्या फळ्या उचकटल्या. ज्या आडव्या फळीवर डेकची घराकडची बाजू तोललेली असते, ते लेजर काळंठिक्कर पडलेलं. स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. पाणी अडवायला वर पत्रा नाही, बोल्ट नाहीत. सगळा भार गंजक्या खिळ्यांवर. याच डेकवर आदल्या गणपतीत पंचवीस-तीस माणसं आरतीला उभी होती. शिकागो शहरातच, लिंकन पार्क भागात, 29 जून 2003 रोजी एका इमारतीचा लाकडी पोर्च गर्दीसकट कोसळून 13 जणांचा जीव गेला होता.

म्हणून फळ्यांचा रंग, दिवे, पर्गोला हे सगळं मागाहून. सायडिंग काढून लेजर घराच्या चौकटीला बोल्टने आवळणार का, त्यावर फ्लॅशिंगचा पत्रा भिंतीत सरकवणार का, हे ठेकेदाराला आधी विचारा. ‘खिळे पुरतात’ म्हणाला तर दुसरा शोधा. ट्रीटेड लाकडात तांब्याचं रसायन असतं, ते साधे खिळे आणि उघडं ॲल्युमिनियम खातं; खिळे-बोल्ट जाड गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलचेच हवेत.

खांबांचे पाये इथे 42 इंच खोल लागतात. त्याहून उथळ असले तर थंडीत गोठलेली जमीन फुगते आणि खांब वर उचलते. ‘परमिट कशाला, स्वस्तात करून देतो’ असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. काँक्रीट ओतण्याआधी इन्स्पेक्टर खड्डा बघून जातो, ती नजर पैसे देऊनही मिळत नाही. खणण्याआधी 811 ला फोन करा, गॅसची लाइन कुठून गेलीय ते खूण करून देतात.

मग खुशाल मनासारखं करा. उन्हाळ्यात सांगलीहून आई येते, तिचे गुडघे दुखतात. नियमाने पायरी 7¾ इंचांपर्यंत चालते. आम्ही 6 इंचांची केली आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडा दिला. नातवंडं येत असतील तर कठड्याच्या गजांत 4 इंचांहून कमी फट ठेवा. काँपोझिट फळ्या घेणार असाल तर गडद रंग उन्हात फार तापतो, आणि आपली माणसं डेकवर अनवाणीच फिरतात. नमुन्याचे तुकडे मागवा, जुलैच्या दुपारी उन्हात ठेवा, त्यावर उभं राहून बघा आणि मगच ऑर्डर द्या.