मोबाइलच्या पोटांतील कोठार



गेल्या पावसाळ्यांत दहावीच्या एका मुलानें मला प्रश्न विचारला. त्याच्या घरीं मिळून एकच मोबाइल. त्याची कार्यप्रणाली नवी करीत असतां ती मध्येंच बिघडली आणि यंत्र तीन आठवडे दुरुस्तीच्या दुकानांत पडून राहिलें. “सर, काल तें चालत होतें, मग तें पुन्हां कालच्यासारखें कां होत नाहीं?” वर्गांत पुरतें उत्तर देतां आलें नाहीं, म्हणून येथें देतों.

जुन्या रीतींत प्रोग्रामाचा नवा भाग जुन्याच्याच जागीं लिहिला जातो; पाटी पुसून तिजवर पुन्हां लिहावें तसें. लिहितां लिहितां वीज गेली, तर जुनें पुसलेलें असतें आणि नवें अर्धवट असतें. दोन प्रोग्रामांना एकाच सामायिक भागाच्या दोन निराळ्या आवृत्त्या हव्या असल्या, तर एकाचा घोटाळा ठरलेलाच.

हॉलंडांतील उट्रेख्ट विद्यापीठांत एल्को डोल्स्ट्रा ह्यांनीं ह्यावर ‘निक्स’ नांवाची व्यवस्था रचली. त्यांचा प्रबंध २००६ सालचा आहे. ही व्यवस्था हुकुमावर नव्हे, वर्णनावर चालते. “चहांत दोन चमचे साखर घाल” हा हुकूम झाला. तो चुकून दोनदां पाळला गेला तर चहा पिववत नाहीं. “चहांत दोन चमचे साखर असावी” हें वर्णन झालें. तें कितीहि वेळां वाचलें तरी चहा तोच. निक्समध्यें मालक यंत्रांत काय काय असावें तें एका कागदावर लिहितो. तें घडवून आणणें हें व्यवस्थेचें काम.

घडलेली प्रत्येक वस्तु एका कोठारांत स्वतंत्र कप्प्यांत राहते. कप्प्याच्या नांवाआधीं ३२ अक्षरांची एक खूण असते. मूळ मजकूर, घडविण्याचीं साधनें, लागलेले इतर भाग, ह्या सर्वांवरून ती खूण काढतात. एका अक्षराचा फरक पडला तरी खूण बदलते व नवा कप्पा तयार होतो. जुन्याला कोणी हात लावीत नाहीं. सर्व नवे कप्पे सिद्ध झाले म्हणजे एक दर्शक जुन्या पिढीवरून नव्या पिढीकडे वळवावयाचा, एवढेंच. वीज केव्हांहि गेली तरी यंत्र एक तर कालचें असतें, नाहीं तर आजचें, अधांतरीं नसतें.

अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. तेव्हां हें कोठार मोबाइलांत सहज बसेल असें वाटतें. पण खरी मेख येथेंच आहे. मोबाइलांतील मूळ प्रणाली केवळ वाचण्याजोगी ठेवलेली असते, आणि तिचा तुकडान् तुकडा पडताळून मगच यंत्र तो स्वीकारतें. चोरानें आंत कांहीं घुसवूं नये म्हणून ही तजवीज योग्यच. परंतु तिच्यामुळें सर्वांत वरच्या पातळीवर ‘निक्स’ नांवाची एक रिकामी खोलीहि मालकाला बांधतां येत नाहीं. ती दुसरीकडे बांधूनहि भागत नाहीं. कारण तयार मिळणाऱ्या प्रोग्रामांच्या आंत तोच पत्ता जागोजागीं कोरलेला असतो. ‘निक्स-ऑन-ड्रॉइड’ ह्या योजनेंत प्रोग्रामाला खोली तेथें असल्याचा भास करून देतात. युक्ति चालते, पण पदोपदीं दुभाषी मध्यें आल्यानें वेग मंदावतो.

म्हणून खरा उपाय प्रणालीची इमेज घडवितांनाच करावयाचा. इमेज म्हणजे यंत्रांत ओतावयाचा संपूर्ण सांचा. त्यांत ती खोली रिकामी ठेवावी. यंत्र सुरू होतांच मालकाच्या सामानाच्या विभागांतील एक दालन तिच्या दाराशीं जोडावें. आणि तेथील प्रोग्राम चालूं द्यावे असें संरक्षणाच्या नियमांत नमूद करावें. भिंत शाबूत राहते, कोठार मात्र वाढतें. ‘रोबोटनिक्स’ ह्या योजनेंत तर खुद्द अँड्रॉइडची इमेजच अशा वर्णनावरून घडविली जाते.

घरांतील एकुलत्या एका मोबाइलवर मात्र हा प्रयोग कोणीं करूं नये. स्वतःची इमेज बसविण्यास यंत्राचें कुलूप उघडावें लागतें, आणि तें उघडतांना आंतील सामान सामान्यतः पुसलें जातें.

आतां जागेचा प्रश्न. जितक्या पिढ्या जपाव्या तितकी जागा अडते. निक्सजवळ केर काढण्याची आज्ञा आहे; पण केर निघाला कीं त्या पिढीकडे परतण्याची वाट बंद होते. आणि मागें फिरतात ते प्रोग्राम व त्यांची मांडणी. पुसलेलीं छायाचित्रें व पत्रें ह्या कोठारांत नसतात. त्यांची प्रत निराळी ठेवावी लागते.