टायर घ्यावा कुठून?

पूर्वी बैलगाडीचे चाक लाकडाचे असे. सुतार चाक करी, लोहार त्यावर लोखंडी धाव चढवी. धाव जाळात लाल करायची, चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. लोखंड आवळले की चाक घट्ट! धाव सैल निघाली तर लोहाराचे घर चार पावलांवर. तक्रार तिथेच, भांडण तिथेच.

आता बैलगाडीलासुद्धा रबरी टायर आले. मोटारसायकल, ट्रॅक्टर, जीप यांचे तर विचारूच नका. टायरचा कारखाना आपण पाहिलेला नसतो. आणि हल्ली विकणाराही दिसत नाही. पोरगा मोबाईलवर चार ठिकाणी बोट लावतो, अन् काही दिवसांत टायर दारात येतो. मोबाईलवर भाव कमी दिसतो, दुकानात जास्त सांगतात. मग घ्यावा कुठून?

त्याआधी टायर वाचायला शिकू. होय, टायरसुद्धा वाचता येतो!

टायरच्या बाजूवर आकडे उठवलेले असतात. ते इंग्रजी असतात. मोबाईलवरचे आकडे तुम्ही ओळखता, तसेच हे. समजा, मोटारसायकलच्या टायरवर ८०/१००-१८ असे आहे. ८० म्हणजे टायरची रुंदी, ८० मिलिमीटर. १०० म्हणजे उंची रुंदीच्या शंभर टक्के. म्हणजे उंचीही तेवढीच. १८ म्हणजे आतल्या रिमचा व्यास, १८ इंच. त्यापुढे ४७ असेल तर तो टायर १७५ किलो वजन पेलतो. ४७ म्हणजे ४७ किलो नव्हे, बरं का! त्याचा तक्ता ठरलेला आहे.

पुढच्या आणि मागच्या चाकाचे माप पुष्कळदा निराळे असते. म्हणून दोन्ही मापे वहीत उतरवून घ्यावीत. टायर ट्यूबचा की बिनट्यूबचा, तेही लिहावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बाजूवर एका लांबट गोलात चार आकडे असतात. समजा ३५२४. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे हा टायर २०२४ सालच्या ३५ व्या आठवड्यात, ऑगस्टअखेर तयार झाला. रबर नुसते पडून राहिले तरी कडक होते. त्याला बारीक भेगा पडतात. वर काळा रंग मारला की जुना टायरही नव्यासारखा चमकतो. पण आकडे बोलतात. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर वापरू नये, असे अनेक कारखानदारच सांगतात. आपण मागे कारभारणीला बसवतो, टाकीवर पोराला बसवतो (बसवू नये, पण बसवतो). भर रस्त्यात टायर फुटला तर काय होईल, ते मी सांगायला नको.

नव्या टायरवर आय.एस.आय.ची खूणही असली पाहिजे.

आता भावाचा हिशेब करू. समजा, मोबाईलवर टायर १,७०० रुपयांना आहे. आणणावळ ८० रुपये. टायर घरी आला, पण चाकावर बसवायचा कोणी? पंक्चरवाला १५० रुपये मागतो. झाले १,९३० रुपये. तालुक्याचा दुकानदार १,९५० सांगतो आणि त्यातच बसवून देतो. फरक उरला २० रुपयांचा. दुकानात शिवाय आकडे आधी वाचता येतात. मोबाईलवर चित्र दिसते. येणाऱ्या टायरची तारीख बहुधा दिसत नाही.

तरी दुकानदार सगळेच धुतल्या तांदळाचे नसतात. दुसरे दुकान जवळ नसेल तर भाव चढवतात. आडमापाचा टायर असेल, किंवा जीपचे चारही टायर एकदम घ्यायचे असतील, तर मोबाईलवरचा भाव जरूर पाहावा. निदान तो दाखवून घासाघीस करता येते. ट्रॅक्टरचा मागचा टायर मात्र मी दुकानातूनच घेईन. एवढे धूड परत पाठवायचे म्हणजे टेम्पोचे भाडे!

“बिल नको, कर वाचेल,” असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारसायकलच्या टायरवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. ट्रॅक्टरच्या टायरवर तो ५ टक्के आहे. पक्के बिल घ्या. टायरवरचा क्रमांक बिलावर लिहवून घ्या. टायर सदोष निघाला तर कंपनी आधी बिलच मागते.

मोबाईलवरून मागवलाच, तर पार्सल उघडताना पोराला चित्रीकरण करायला सांगा. आधी माप आणि तारीख वाचा. चूक असेल तर टायर चाकावर चढवू नका. एकदा चढवलेला टायर परत घ्यायला विक्रेते सहसा तयार होत नाहीत. तक्रार लगेच लिहून पाठवा. २०२० च्या नियमांप्रमाणे अशा कंपनीने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा असतो. नाही लावला तर १९१५ या सरकारी क्रमांकावर फोन करा. त्यानेही भागले नाही तर जिल्ह्याचा ग्राहक आयोग आहे. विकणारा दिल्लीत असो की चेन्नईत, २०१९ च्या कायद्याने आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.

अभ्यास : आपल्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीचा टायर पाहा. त्यावरचे माप वहीत उतरवा. लांबट गोलातले चार आकडे शोधा. टायर किती वर्षांचा झाला, ते लिहा.