सायकल घरी कोठे व कशी ठेवावी : इयत्ता सहावी-सातवीसाठी कार्यानुभवाचा पाठ



कार्यानुभवाच्या तासाला आपल्या शाळांतून राख्या, तोरणे व कागदी फुले पुष्कळ होतात. त्यांत वाईट काही नाही. परंतु मुलांच्या घरी जी वस्तू रोज हाताळली जाते, तिच्याविषयीही एखादा पाठ व्हावयास हवा. सायकल ही अशी वस्तू आहे. ती चालवावी कशी हे मुले आपोआप शिकतात. ती रात्री ठेवावी कशी, हे मात्र त्यांना सहसा कोणी शिकवीत नाही.

या विषयाचे महत्त्व आपल्याला अधिक का वाटावे, तेही सांगतो. राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या व सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे ठरलेले आहे. आठवीनंतर वाट लांबते, आणि एस.टी.च्या वेळा शाळेच्या वेळांशी जुळतातच असे नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळत आल्या आहेत, त्या याच कारणासाठी. अशी सायकल चोरीस गेली किंवा दोन पावसाळ्यांत गंजून गेली, तर मुलाला कदाचित दुसरी मिळेल. मुलीच्या बाबतीत मात्र ‘आता पुरे झाली शाळा’ हा विचार घरात डोके वर काढतो. आज सहावीत असलेली मुलगी दोन वर्षांनी त्या वाटेला लागणार आहे.

पाठाचा आरंभ मोजमापाने करावा. एखादी सायकल वर्गात आणून मुलांकडून तिची लांबी व हँडलची रुंदी मोजून घ्यावी. मोठ्या माणसाची साधी सायकल सुमारे १८० सेंटिमीटर लांब व हँडलपाशी सुमारे ६० सेंटिमीटर रुंद भरते. तेवढा आयत खडूने जमिनीवर काढावा आणि त्यात एका विद्यार्थ्याला निजावयास सांगावे. एका माणसाच्या अंथरुणाएवढी जागा सायकल अडविते, हे मुलांना तत्क्षणी कळते. एकखणी घरात सायकल बाहेर का राहते, याचे उत्तर या आयतात आहे. त्यात आईवडिलांचा निष्काळजीपणा शोधू नये.

बाहेर म्हणजे बहुधा अंगण, पडवी किंवा गोठा. अंगणात उन्हाने टायरचे रबर तडकते व पावसाने साखळी गंजते. गोठा आडोशाचा खरा, पण तो सायकलीला मानवत नाही. मुतारीचा ओलावा व त्यातून निघणारा अमोनिया यांनी लोखंड लवकर खराब होते. उंदीर सीट कुरतडतात आणि जनावराचा धक्का लागून चाकाला बाक येतो तो निराळाच. खताच्या किंवा मिठाच्या पोत्यांजवळही सायकल ठेवू नये. त्या मानाने पडवी बरी. तेथे फरशीचे दोन तुकडे किंवा फळी टाकून चाके ओल्या जमिनीपासून उचलून घ्यावीत. ओली सायकल प्लास्टिकने गुंडाळून ठेवण्याची चाल वाढत आहे, ती चुकीची आहे. आत कोंडलेली वाफ पावसापेक्षा अधिक गंज चढविते. आधी कोरड्या फडक्याने पुसावी, साखळीला तेलाचे थोडे थेंब द्यावेत, मग वरून आच्छादन घालून खालची बाजू मोकळी सोडावी. सायकल दीर्घकाळ उभी राहणार असेल तर चाकांत हवा असू द्यावी, कारण बसलेल्या टायरला घडीवर चिरा पडतात.

आता भिंतीकडे वळू. हल्ली चित्रांतून पुढचे चाक हुकाला अडकवून उभी टांगलेली सायकल दाखवितात. ती चित्रे मडगार्ड व कॅरिअर नसलेल्या सायकलींची असतात. आपली सायकल तशी उभी केली की मागचे मडगार्ड जमिनीला टेकून वाकते, आणि कॅरिअर आड येतो. आपल्याला आडवी टांगणेच सोईचे. भिंतीत दोन मजबूत खुंट्या किंवा लोखंडी कोन बसवून त्यांवर सायकलीची आडवी दांडी ठेवावी. मुलींच्या सायकलीला अशी दांडी नसते. तेव्हा सीटखालची नळी व हँडलची मान यांना जोडणारा एक जाड बांबू दोरीने घट्ट बांधावा आणि त्या बांबूवर सायकल तोलावी.

येथे गणिताचाही चांगला धडा होतो. सायकलीचे वजन २० किलो धरू. हँडल ६० सेंटिमीटर रुंद असल्याने तिचा मध्य भिंतीपासून निदान ३० सेंटिमीटर दूर राहतो. दोन कोनांवर भार वाटला गेला म्हणजे प्रत्येकी १० किलो. कोनाची भिंतीला टेकलेली उभी पट्टी १५ सेंटिमीटर असेल, तर वरच्या स्क्रूवर भिंतीतून उपटून काढणारी ओढ १० गुणिले ३० भागिले १५, म्हणजे २० किलोइतकी पडते. तीच पट्टी ३० सेंटिमीटर केली की ओढ १० किलोवर येते. दुकानातील आखूड व झकपक कोन का निखळतो, ते मुलांनी फळ्यावर स्वतः काढावे.

भिंत कशाची आहे, हेही पाहिले पाहिजे. विटांच्या भिंतीत भोक विटेच्या अंगात पाडावे, सांध्यात किंवा नुसत्या गिलाव्यात नव्हे. कोकणात जांभ्याच्या भिंतीलाही हाच नियम. मातीच्या भिंतीवर मात्र विश्वासू नये. तेथे घराच्या लाकडी खांबाला कोन बसवावा, आणि खांबाला वाळवी लागलेली नाही याची खात्री आधी करावी. निजणाऱ्याच्या डोक्यावर सायकल टांगू नये. बारा वर्षांच्या मुलाने वीस किलोचे धूड एकट्याने खांद्यावर उचलणे योग्य नाही. ज्या घरी रोज उचलून देणारे मोठे माणूस नसेल, तेथे टांगण्याचा आग्रह सोडून सायकल भिंतीला टेकवून ठेवणेच बरे.

कुलुपाविषयी एक मोठा गैरसमज आहे. मागच्या चाकाचे गोल कुलूप सायकल चालवू देत नाही, पण उचलून नेऊ देते. म्हणून साखळी सांगाड्यातून व चाकातून ओवून खांबाला किंवा भिंतीत पुरलेल्या कडीला लावावी. नुसत्या पुढच्या चाकाला साखळी लावली तर चोर चाक सोडून बाकीची सायकल नेतो. कुलूप जमिनीलगत लोळते ठेवू नये. दगडावर ठेवून ठोकणे सोपे जाते.

शेवटचे काम वहीचे. सांगाड्यावर, बहुधा पायडलाच्या आसाच्या नळीखाली किंवा सीटच्या नळीवर, एक क्रमांक ठोकलेला असतो. मळ खरवडून तो वाचावयास मुलांना फार गंमत वाटते. सायकल गेल्यावर पोलिसांकडे तक्रार देताना व सापडल्यावर ओळख पटविताना हा क्रमांक आणि खरेदीची पावती हाच आधार असतो. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली असून घरातून झालेल्या चोरीसाठी तिच्यात कलम ३०५ आहे. सायकल जुनी आहे, म्हणून तक्रार देऊ नये असे पालकांना वाटते. त्यांना तसे वाटू देऊ नये.

गृहपाठ म्हणून घराचा साधा आराखडा काढून त्यात सायकलीची जागा दाखविण्यास सांगावे. ज्यांच्या घरी सायकल नाही अशी मुले वर्गात असतीलच. त्यांना वेगळे न काढता शेजारच्या किंवा शाळेतील सायकलीचा आराखडा द्यावा, आणि क्रमांकांची यादी वर्गात मोठ्याने न वाचता शिक्षकांनी आपल्या नोंदवहीत उतरवून ठेवावी.