मनीला स्वप्ने पडतात काय?

आमच्या घरी मनी नावाची मांजर आहे. दुपारी ती माजघरातल्या पोत्यांवर मुटकुळे करून झोपते. काही वेळाने तिच्या मिशा थरथरतात, कान फडकतात, पुढच्या पंजांची बोटे आखडतात आणि घशातून अस्फुट आवाज निघतो. "उंदीर दिसतोय तिला," असे आजी खात्रीने सांगते. मानसशास्त्र हा विषय घेतल्यावर मात्र मला प्रश्न पडला, की आजीला हे कळले कसे? माणसाला झोपेतून उठवून विचारता येते. मनीला कोण विचारणार?

१९५३ साली शिकागो विद्यापीठात ॲसरिन्स्की व क्लाइटमन यांनी एक गोष्ट नोंदविली. झोपलेल्या माणसाचे डोळे मिटल्या पापण्यांआड मधूनमधून भराभर हलतात. अशा वेळी जागे केलेली माणसे बहुधा स्वप्न सांगतात. १९५८ साली डीमेंट यांना हीच अवस्था मांजरात आढळली. परंतु खरा उलगडा केला तो फ्रान्समधील लियाँ येथील मिशेल झूव्हे यांनी. या झोपेत मांजराच्या मेंदूतील विद्युतलहरी पाहाव्यात तर जागेपणासारख्या, आणि मानेचे स्नायू पाहावेत तर अगदी ढिले! १९५९ साली पुढे आलेल्या या विसंगतीवरून तिला 'विरोधाभासी निद्रा' म्हणू लागले. वाचकांना हे घरीही पाहता येईल. मनी बसल्या बसल्या डुलकी घेते तेव्हा तिची मान सावरलेली असते. मिशा हलू लागतात तेव्हा मात्र ती टेकलेलीच असते.

स्नायूंना हे कुलूप घालण्याचे काम मेंदूच्या देठातील 'पॉन्स' नावाच्या भागातून होते. तेथून निघालेली आज्ञा मज्जारज्जूत पोचते आणि हातपाय स्वस्थ राहतात. तरीही अधूनमधून एखादा जोरकस संदेश त्यातून निसटतोच. बोटे हलतात ती त्यामुळे.

हे कुलूप काढले तर? १९६५ साली झूव्हे व त्यांचे सहकारी देलोर्म यांनी मांजरांच्या पॉन्समधील एक लहानसा भाग नष्ट केला. ती मांजरे या निद्रेत शिरली की मान उचलत, उठून उभी राहत, समोर नसलेल्या भक्ष्यावर दबा धरत, झेप घेत. कधी भ्यायल्यासारखी करत. भोवतालच्या वस्तूंकडे त्यांचे लक्ष नसे, कारण ती झोपलेलीच होती. हे वाचताना मी चकित झालो खरा, पण त्यासाठी किती मुक्या जीवांच्या डोक्यात छेद घेतला असेल, हा विचार मनातून गेला नाही.

आजीचा पक्ष यामुळे बळकट होतो. तथापि केवळ मिशांवरून निकाल देता येत नाही. मेंदूचे वरचे आवरण काढून टाकलेल्या मांजरांतही झूव्हे यांना ही निद्रा आढळली होती. शिवाय डोळेही न उघडलेली, उंदीर कधी न पाहिलेली पिल्ले झोपेत किती हलतात! मोठ्या मांजरापेक्षा पुष्कळच जास्त. त्यांना कसला उंदीर दिसणार? म्हणून माझे मत असे, की मिशांची थरथर हा स्वप्नाचा पुरावा नव्हे; दबा धरणारी मांजरे मात्र आत काही घडत असल्याची साक्ष देतात. गंमत अशी, की २००१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत लुई व विल्सन यांना असाच आधार मिळाला तो उंदरांत! जागेपणी मार्गावर धावताना उंदराच्या मेंदूत पेशींचा जो क्रम उमटला होता, तोच या निद्रेत पुन्हा उमटला.

हा विषय मी निवडला त्याला मनीखेरीज आणखी एक कारण आहे. आमचे आजोबा कित्येक वर्षे झोपेत "हुर्र, हुर्र" असे ओरडत व लाथा झाडत. विचारले तर सांगत, "डुकरं शिरली होती रे उसात." एकदा आजीच्या मनगटाला जबर मार बसला. आम्ही नातवंडे त्यांची नक्कल करून हसत असू. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात कापू लागला. तपासताना डॉक्टरांनी पहिल्यांदा काय विचारावे? "झोपेत हातपाय मारतात का?" माणसांतील हा विकार शेंक व माहोवाल्ड या अमेरिकन डॉक्टरांनी १९८६ साली वर्णिला. झूव्हेंच्या मांजरांप्रमाणे यातही कुलूप निसटलेले असते, आणि पुष्कळांना पुढे कंपवात जडतो. कंपवात रोखणारे औषध नाही. पण निदान आजीचे अंथरूण आम्ही वेळीच वेगळे केले असते, टेबल दूर सरकवले असते.

आता आजोबांच्या पलंगाशेजारी खाली गादी अंथरलेली असते. रात्री मनी तिच्यावरच झोपते. परवा आजोबा पुन्हा ओरडले, तेव्हा तिने मान वर करून क्षणभर पाहिले आणि परत मुटकुळे केले. आजी उठली, त्यांचा पलंगाबाहेर आलेला हात हळूच आत घेतला आणि म्हणाली, "गेली हो डुकरं. झोपा आता."