गुपित, खाजगी, गोपनीय

या पाठात आपण तीन जवळजवळचे शब्द घेतले आहेत. गुपित आपण मुद्दाम लपवतो. खाजगी ते, जे लपवलेले नसले तरी दुसऱ्याने न विचारता पाहायचे नसते. आणि गोपनीय ते, जे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिले, म्हणून त्याने जपायचे. दवाखान्यातली नोंद या तिसऱ्या प्रकारची.

ती आपल्या सिंगापूरमध्येच फुटली होती. २७ जून ते ४ जुलै २०१८ या दिवसांत सिंगहेल्थच्या संगणकांतून सुमारे १५ लाख रुग्णांची नावे, पत्ते, ओळखपत्र क्रमांक चोरीला गेले. त्यांतल्या १ लाख ६० हजार जणांच्या औषधांची नोंदही गेली. तेव्हाचे पंतप्रधान ली श्येन लूंग त्यांत होते. डॉक्टरांची टिपणे मात्र गेली नाहीत, असे सरकारने सांगितले. पण औषधावरून आजार ओळखता येतो, हे मधुमेहाची गोळी घेणाऱ्या कुठल्याही आजोबांना विचारा! २०१९ च्या जानेवारीत सिंगहेल्थला अडीच लाख आणि तिचे संगणक सांभाळणाऱ्या संस्थेला साडेसात लाख डॉलर दंड झाला.

आता घरातले पाहू. आपल्यापैकी काहींना आजीबरोबर दुभाषी म्हणून पॉलिक्लिनिकमध्ये जावे लागते. आजी डॉक्टरांना जे सांगते ते आपल्या तोंडून जाते, आणि नेमके तेच तिला सुनेला कळू द्यायचे नसते. संध्याकाळी आईने विचारले तर? औषधाच्या वेळा सांभाळायला आईला कळायला हवे, हेही खरेच. आम्हांला वाटते, आधी आजीलाच विचारावे, "सांगू का गं आईला?"

स्वाध्याय : 'विश्वास', 'नोंद', 'दुभाषी' हे शब्द वापरून आजी व नात यांचा पाच ओळींचा संवाद लिहून आणा.