संगणक मध्येच बंद का पडतो?

घरात संगणक आहे. मुलगी त्यावर अभ्यास करते. बचत गटाचा हिशेब त्यात आहे. सातबाराचे उतारे, डेअरीच्या पावत्या, लग्नाचे फोटो, सारे त्यातच आहे. आणि एक दिवस काम करता करता तो बंद पडतो. पुन्हा चालू केला की चालतो. अर्ध्या तासाने पुन्हा बंद!

मग घरात बोलणी सुरू होतात. एक जण म्हणतो, "व्हायरस शिरला." दुसरा म्हणतो, "जुना झालाय, नवा घ्या." तिसरा उठतो आणि डब्यावर एक थाप मारतो. तिघांपैकी एकानेही संगणकाकडे नीट पाहिलेले नसते.

बैल चालता चालता बसला, तर आपण काय करतो? आधी खूर पाहतो. मग खांदा पाहतो. लगेच त्याला बाजारात नेत नाही. संगणकाचेही तसेच करायचे. त्यासाठी इंजिनियर व्हावे लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि थोडा धीर पुरतो.

आधी हिशेब वाचवा

संगणक बंद का पडतो हे शोधायला दोन-चार दिवस लागतील. तेवढ्यात तो कायमचा बंद पडला तर? म्हणून दोष शोधण्याआधी आपले कागद वाचवा. गटाचा हिशेब आणि महत्त्वाचे फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. मग तो पेन ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. तो संगणकाला लावून ठेवू नका. विजेचा झटका बसला किंवा व्हायरस शिरला, तर दोन्ही एकदम जायचे.

काम करतानाही दर पाच-दहा मिनिटांनी लिहिलेले जपून ठेवा. त्याला 'सेव्ह करणे' म्हणतात. कंट्रोलची कळ दाबून धरा आणि एस दाबा. झाले!

वही काय सांगते

संगणक बंद पडला की लगेच वहीत चार गोष्टी लिहा. तारीख आणि वेळ. किती वेळ चालला. त्या वेळी काय काम चालले होते. बंद पडताना पडद्यावर काय दिसले.

"एवढं लिहून काय होणार?" असे कोणी म्हणेल. त्याला एक खरी गोष्ट सांगा. १९४७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क टू' नावाचा संगणक होता. तो खोलीभर मोठा होता. ९ सप्टेंबरला त्यात बिघाड झाला. माणसांनी त्याचे भाग तपासले. विजेच्या एका खटक्यात एक मेलेला पतंग सापडला. दिव्याभोवती फिरतो ना, तसलाच किडा! त्यांनी तो काढला आणि त्या दिवसाच्या वहीत चिकटपट्टीने चिकटवला. शेजारी वेळ लिहिली आणि कोणत्या भागात सापडला तेही लिहिले. एवढी शिकलेली माणसे, पण वही त्यांनाही लागत होती. ती वही आजही अमेरिकेतल्या एका मोठ्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.

आता एका घरातली वही पाहू. आबांनी अक्षरे नवीनच गिरवली आहेत. त्यांच्या नोंदी अशा आहेत:

सोमवार. दुपारी २. ऊन फार. अर्धा तास चालला. एकदम बंद. लाईट होती.
मंगळवार. सकाळी ७. दीड तास चालला. बंद नाही.
बुधवार. दुपारी ३. पाव तास. एकदम बंद. पंख्याचा आवाज मोठा.
गुरुवार. सकाळी ६. दोन तास. बंद नाही.

नात म्हणाली, "आबा, हा दुपारीच बंद पडतो की!"

आबा म्हणाले, "मग त्याला ऊन लागतं म्हण."

आबांचे खरे होते. संगणकाच्या आत प्रोसेसर नावाचा छोटा भाग असतो. सगळी आकडेमोड तोच करतो. काम करताना तो तापतो. त्याला गार ठेवायला वर पंखा असतो. पंख्यात धूळ बसली की वारा लागत नाही. बहुतेक प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या आसपास तापले की जळू नये म्हणून स्वतःच बंद पडतात. शंभर अंश म्हणजे पाणी उकळते तेवढी उष्णता. गार झाला की तो पुन्हा चालू होतो. म्हणून माणसाला वाटते, आपोआप बरा झाला.

आबांच्या घरी डबा भिंत आणि कपाट यांच्या फटीत ठेवला होता. वर मुलांची दप्तरे. गरम हवा जाणार कुठून? डबा पुढे ओढला. चारी बाजूंना वीतभर जागा ठेवली. मग साफ केला.

साफ कसा करायचा? संगणक बंद करा. प्लग भिंतीतून काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. डब्याची बाजू उघडा. आधी डब्याच्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगावरची बारीक वीज निघून जाते. रंगाचा कोरा, मऊ ब्रश घ्या आणि धूळ हलक्या हाताने झाडा. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. ओले फडके नको. तोंडाने फुंकर नको, तिच्यातून थुंकी उडते. संगणक हमीच्या मुदतीत असेल तर मात्र उघडू नका, दुकानातच न्या.

डब्यात एक बंद पेटी दिसेल. घरची वीज आधी तिच्यात येते. दुकानात तिला एसएमपीएस म्हणतात. ती कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठलेली असते आणि ती जबर झटका देते.

लॅपटॉप असेल तर तो गोधडीवर, उशीवर ठेवून चालवू नका. त्याची हवेची भोके बहुधा खालीच असतात.

वीज

आपल्याकडे घरातली वीज २३० व्होल्टची असते, म्हणजे असायला हवी. संध्याकाळी दिवे मंद होतात, शेतीपंप सुरू झाले की पंखा हळू फिरतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दिव्याला ते चालते. संगणकाला चालत नाही. वीज क्षणभर जरी गेली तरी तो बंद पडतो.

स्टॅबिलायझर व्होल्टेज कमीजास्त झाले तर सावरतो. वीज गेली तर त्याचा उपयोग नाही. यूपीएसमध्ये बॅटरी असते. वीज गेली की तो काही मिनिटे संगणक चालवतो. तेवढ्यात काम सेव्ह करून नीट बंद करायचे. पण बॅटरी काही वर्षांत थकते, आणि थकलेला यूपीएस वीज जाताच संगणकासकट मान टाकतो. लोक शिव्या संगणकाला देतात!

प्लगची तिसरी, जाड पिन अर्थिंगची असते. बोर्डात बसत नाही म्हणून काही जण ती तोडतात. असे करू नका. अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घ्या.

पडद्यावर अक्षरे आली तर

कधी संगणक एकदम अंधार करत नाही. पडदा निळा होतो आणि इंग्रजी अक्षरे येतात. नव्या विंडोज ११ मध्ये हा पडदा २०२५ पासून काळा केला आहे. घाबरू नका. ती अक्षरे म्हणजे संगणकाने सांगितलेले दुखणे आहे. मोबाइलने फोटो काढा किंवा अक्षरे जशीच्या तशी वहीत उतरवा. अर्थ कळला नाही तरी चालेल. दुरुस्तीवाल्याला तो कळतो.

असा पडदा येऊ लागला की स्वतःला विचारा: अलीकडे नवीन काय केले? नवा प्रिंटर जोडला? नवा प्रोग्राम घातला? तो काढून पाहा. चूक यंत्रात नसून प्रोग्राममध्येही असू शकते. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा प्रोग्रामची सदोष दुरुस्ती जगभर पाठवली गेली. सुमारे ८५ लाख संगणकांवर निळा पडदा आला. विमानतळ, दवाखाने, बँका अडल्या. आपल्या देशातही काही विमानतळांवर प्रवाशांना पास हाताने लिहून दिले. त्या संगणकांचा एकही भाग बिघडला नव्हता.

नवे काहीच केले नसेल तर 'रॅम' पाहा. ती संगणकाची चालू कामाची पाटी. ती नीट बसलेली नसली की असाच पडदा येतो. दुकानदार ती काढून, तिची सोनेरी कड खोडरबराने पुसून पुन्हा घट्ट बसवतो. तपासणीसाठी विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नोस्टिक' नावाची सोय आहे, तिला पैसे पडत नाहीत. आणि हार्ड डिस्कमधून टक टक आवाज येऊ लागला तर बाकी सारे सोडा. आधी कागद उतरवा. ती डिस्क फार दिवसांची सोबती नाही.

एक पडदा मात्र खोटा असतो. मोठा भोंगा वाजतो, "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असे दिसते. तो चोराचा नंबर आहे. विंडोजचा खरा पडदा फोन करायला कधी नंबर देत नाही. फोन करू नका, ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर उशीर न करता १९३० या सरकारी नंबरवर कळवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. धूळ काढली, रॅम बसवली, यूपीएस बदलला, सारे एकाच दिवशी केले, तर दुखणे कशात होते ते कळणार नाही. एक बदल करा, दोन दिवस वही लिहा, मग दुसरा.

तरीही बंद पडत असेल तर दुकानात न्या. वही बरोबर न्या. "कधी बंद पडतो?" असे विचारले की वही पुढे ठेवा. भाग बदलला तर जुना भाग परत मागा आणि बिलावर भागाचे नाव लिहून घ्या.

वाचा आणि सांगा

दुसऱ्या एका घरची ही वही. मोठ्याने वाचा.

शनिवार. पहाटे ५. दोन तास. बंद नाही.
शनिवार. संध्याकाळी ७. दिवे मंद झाले. तेव्हाच बंद.
रविवार. दुपारी २. ऊन फार. दीड तास. बंद नाही.
रविवार. संध्याकाळी ७. दिवे लपलपले. तेव्हाच बंद.
यूपीएस २०२१ साली घेतला. बॅटरी अजून तीच.

या घरच्या माणसांनी आधी काय तपासावे? त्यांना डबा उघडावा लागेल का?