उताराला जरा दमानं

उमरी, जि. नांदेड

चि. बाळास मामाचे अनेक आशीर्वाद.

काल स्टेशनवर तुझ्या खोलीतला मित्र भेटला. सातारा हिल हाफ मॅरेथॉनपासून तू जिना उलटा उतरतोस, आणि तरी दुखण्यावर गोळी घेऊन रोज यवतेश्वरचा घाट पळत उतरतोस म्हणे. खरं आहे का? तुझ्या आईच्या, अक्काच्या, कानावर मी घातलेलं नाही.

अरे, चढाला छाती भरून येते, पोटऱ्या ओढतात, माणूस आपसूक हळू होतो. उताराला दम लागत नाही म्हणून तू सुटतोस. पण तिथं प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जाता जाताच आवळून अंगाचा भार थोपवत असतो. त्यात त्याचे बारीक तंतू तुटतात. म्हणून खरा ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लागतो. ते विश्रांतीनं भरून येतं आणि पुढच्या उताराला तोच स्नायू जास्त टिकतो. पण भरून येऊ तर दे! इथल्या गोरठ्याच्या रस्त्यावर पळून तयार झालेल्या पायांना घाट नवा आहे. आणि त्या गोळ्या! घामानं अंगातलं पाणी गेलेलं असताना त्या मूत्रपिंडाला बाधतात. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर तडक दवाखाना गाठ.

तुझ्याएवढा असताना, भरतीच्या तयारीत, मी पैजेवर माहूरचा गड पळत उतरलो. तिसऱ्या दिवशी उकिडवं बसता येईना. घरी बापूंना सांगितलं नाही, चौथ्या दिवशी पुन्हा पळालो. भरती हुकली. माळवदाची शिडी अजून गुडघा धरून उतरतो, तू बघतोसच.

घाई कशाची आहे रे? तुझ्या भिंतीवरचा धावपटू अविनाश साबळे, आपल्या मराठवाड्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. तो 2015 मध्ये, लष्करात असताना, विशीत क्रॉसकंट्रीकडे वळला. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं रौप्य 2022 चं. तू तर अजून एकोणीसचा.

उतार सोड म्हणत नाही. ठणका जाईपर्यंत थांब, मग आठवड्यातून एकदा, थोडाच, आखूड पावलं टाकत उतर. बाकीचे दिवस चढ पळ आणि चालत खाली ये.

फार बोललो, मनाला लावून घेऊ नकोस. तू पहिल्यांदा पळालास तेव्हा तुझे बूट मीच बांधले होते. पत्र मिळताच मला फोन कर, आणि जिना सरळ उतरलास का, तेवढं सांग.

तुझा मामा